घामाची रेघ

मलावी सरोवराकाठच्या आमच्या गावात पास्टर वेडसन आला की मासळीबाजार ओस पडायचा. सगळं गाव आंब्याखाली! तापलेल्या पोरांच्या कपाळावरचा घाम तो कापसानं टिपायचा, मलेरियाच्या तपासणीपट्टीला लावायचा, वर पट्टीसोबत मिळणाऱ्या बाटलीतले थेंब सोडायचा आणि गर्जायचा, "निघ रे तापा, निघ!"

थोड्या वेळानं पट्टीवर एकच रेघ उमटायची.

"बघा! दोन रेघा म्हणजे मलेरिया. इथं एकच! त्या नर्सबाई लेकरांना सुया टोचतात. देव कधी टोचतो का?"

लोक हसायचे. त्या नर्सबाई म्हणजे मी.

फलेसीनं तिच्या लेकीला, लुसुंगूला, तिथंच नेलं. एक रेघ पाहून हरखून घरी गेली. पुढं ती दवाखान्यात धावत आली तेव्हा पोरीला झटके येत होते. मी बोटातलं रक्त तपासलं. दोन रेघा, ठळक.

"पण सिस्टर, तिथं तर एकच होती!" फलेसी पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी इंजेक्शन दिलं. मोठ्या रुग्णालयाची गाडी येण्याआधीच लुसुंगू गेली.

माती दिल्यावर फलेसी माझ्याकडे आली. "सिस्टर, आंब्याखाली चला. मला कळलंच पाहिजे."

भर गर्दीत मी नव्या पट्टीचं पाकीट फोडलं. "पास्टर, यावर घाम नाही, रक्त नाही. नुसते बाटलीतले थेंब."

एकच रेघ उमटली.

"आता कुणाचा ताप उतरला?" फलेसीनं विचारलं.

"तुझी श्रद्धाच कमी पडली, बाई!"

"ही रेघ नेहमीच येते," मी लोकांना म्हणाले. "पट्टी चालू आहे, एवढंच ती सांगते. रक्तात मलेरिया सापडला तरच दुसरी उमटते. रक्तच घातलं नाही, तर दुसरी येणार कुठून?"

कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं पाठीवरच्या नातवाचं कपाळ चाचपलं आणि ती दवाखान्याकडे चालू लागली. मागून आणखी आया निघाल्या. पास्टर ओरडत राहिला.

फलेसी तिथंच बसली. "तिला सुई टोचू नये म्हणूनच नेलं होतं हो मी."

लेकराला ताप आला तर रक्ताचा थेंब तपासून घ्या. मलेरिया नाही निघाला, तरी तापाचं दुसरं कारण शोधावंच लागतं. प्रार्थना जरूर करा. पण दवाखान्याच्या वाटेवर चालता चालता करा.