गोळी की दूध

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना पाळणा आहे. पावस गावच्या धाकू सुताराने मला घडवलं. त्याने माझ्या कठड्यावर असे राघू कोरले की बारशाला आलेल्या बायका बाळाआधी मलाच बघत राहिल्या. या घरच्या विमलाची तिन्ही मुलं माझ्यात झोपली. ती मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. पुढची तीस वर्षं माझ्यात आंब्याच्या पेट्यांचं गवत भरलेलं होतं.

विमलाच्या धाकट्या मुलाला, गुरुप्रसादला मुलगी झाली तेव्हा मला खाली काढून पुसलं. तो मुंबईला नोकरीत. त्याची बायको मनस्वी पूर्णगडची. छोटी शमिका माझ्यात रडायची आणि मनस्वी शेजारी बसून भिंतीकडे बघत राहायची. जेवायची नाही, केस विंचरायची नाही. शेवटी तिचे वडील रावजी तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली. त्यांचं बोलणं मनस्वी मला झोका देताना पुटपुटायची, "दुधातून फार थोडी उतरते. अंगावर पाजत राहा. गोळी मनाने बंद करू नका."

महिन्याभरात ती शमिकाशी बोलायला लागली. एकदा तर हसलीसुद्धा.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या उशीखाली विमलाला गोळ्यांचं पाकीट सापडलं.

"हे काय गो? वेड्यांची गोळी खातेस आणि माझ्या नातीला पाजतेस?"

"आई, डॉक्टरांना विचारलंय मी. तुम्ही पण विचारा ना."

"तीन पोरं वाढवली मी. मला नाय कोणाला विचारायचं."

विमलाने गुरुप्रसादला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो घाईत होता. "मनू, वाद नको गो. गोळी सोड, नाहीतर पाजणं सोड. मला आता काम आहे."

मनस्वीने दूध निवडलं. विमलाने तिच्यासमोर एकेक गोळी काढून चुलीत टाकली.

पंधरा दिवसांत मनस्वी पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. शमिका रडून निळी पडायची, तरी तिचा हात माझ्यापर्यंत येत नसे. विमला शेजारणींना बोलावून दाखवायची, "बघा, ही आई!" मी दोरीवर लटकलेला. ओरडणार कसा?

मग विमलाने रावजींना बोलावून घेतलं. "तुमची पोर घेऊन जा. बाळ इथेच राहील."

मनस्वी रिक्षात बसली तेव्हा आत शमिका भुकेने रडली. मनस्वीचा ब्लाउज दुधाने भिजला. विमलाने दार लोटून घेतलं.

चार महिन्यांनी मनस्वी परत आली. माहेरी गोळी पुन्हा सुरू झाली होती. चेहरा भरला होता. तिने हात पसरले, तर शमिकाने विमलाच्या मानेत तोंड लपवलं.

"ओळखत पण नाय तुला," विमला म्हणाली, आणि ते म्हणताना ती हसली.

मनस्वीने शमिकाला ओढूनच घेतलं, छातीशी लावलं. दूध आटलं होतं. पोर किंचाळायला लागली. विमलाने बाटली भरून आणली आणि स्वतःच पाजायला पुढे झाली. मनस्वीने बाटली तिच्या हातातून काढून घेतली, भिंतीला टेकून बसली आणि रडणाऱ्या लेकीला थेंब थेंब पाजत राहिली. बऱ्याच वेळाने शमिका शांत झाली. तेव्हा मनस्वीने पिशवीतलं पाकीट काढलं, सासूच्या डोळ्यांसमोर गोळी तोंडात टाकली आणि तांब्याभर पाणी प्याली.

"शमिकाला मी घेऊन चालले," ती म्हणाली. "तुमच्या मुलाला सांगा, पूर्णगडला येऊन भेट म्हणावं."

आणि शमिकाला कडेवर घेऊन ती दाराबाहेर पडली.

मित्रांनो, आता मी रिकामा आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या घरी बाळ आलं की सगळे त्याच्याभोवती जमतील. तुम्ही तेवढं त्याच्या आईजवळ जाऊन बसा. तिच्या औषधाची वेळ झाली असेल, तर पाणी आणून द्या.