अळणी चकल्या

ऊन कलायच्या आत शमीमने सुपातले कोळंबीचे सोडे उलटे करून पसरले आणि ओल्या हातानेच फोन उचलला. मस्कतहून इफ्फत बोलत होती. शेजारचा अझीम सुट्टी संपवून तिकडे परतणार होता, आणि पूर्णगडातून मस्कतला जाणाऱ्या कुणाच्याही सामानात लेकीसाठी शमीमचा एक डबा असायचाच. इफ्फत तिथे एका घरी राहून स्वयंपाक करी, मुलं सांभाळी; तिच्याच जिवावर तिची मुलगी अलफिया रत्नागिरीत वसतिगृहात राहून शिकत होती.

"अम्मी, या खेपेला सोडे नको गो देऊस. मालकीण वासाला कुरकुरते."

शमीमने आमसुलांचं विचारलं. तीही नको होती. ज्या लोणच्याच्या बरणीत इफ्फत लहानपणी बोट बुडवून पळत असे, ते लोणचंही नको. लोणच्याचा कसला आलाय वास, असं शमीम म्हणणार, तोच पलीकडे इफ्फतच्या दाताखाली काहीतरी करकरलं.

"काय चावतेस?"

"बर्फ. उकाडा आहे ना इथे."

शमीम हळूच सुपाशेजारी टेकली. तिच्या नवऱ्याच्या, मुसाच्या, किडन्या निकामी होऊन चेहरा सुजला, तेव्हा डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलं, सुकी मासळी तोडली, पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलं. तहानेने तो कासावीस झाला की इफ्फतच बापाच्या जिभेवर बर्फाचा खडा ठेवायची.

फोनवर ती आता अलफियाच्या परीक्षेचं बोलत होती. विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि एकदा ती नाही म्हणाली की आपल्यालाही ते खरं धरून चालावं लागेल, हे शमीमला कळत होतं. पलीकडच्या बंगल्यातली कामवाली आजारी पडली, तर तिला एका बॅगेनिशी विमानात बसवून दिलं, हे मागे इफ्फतनेच सांगितलं होतं. जणू दुसऱ्याच कुठल्या जगातली गोष्ट सांगावी तसं. शमीम परीक्षेला नुसतं "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने तांदळाची उकड काढली. मळताना सवयीने हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि झाकणावर थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने बरणी मागे सरकवली आणि जिरं थोडं जास्त घातलं. मुसासाठी करायची तशाच चकल्या तिने पाडल्या.

संध्याकाळी अझीम डबा न्यायला आला. झाकण उघडून त्याने वास घेतला.

"खाला, मासळी नाही? म्हणजे या वेळी खोलीतली पोरं मला दारातून आत घेतील."

शमीम हसली. इफ्फत भेटते का, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, हल्ली शुक्रवारी बाजारात येत नाही ती. त्यालाच मालकिणीच्या फाटकापाशी जावं लागतं.

"पण तुम्ही काळजी करू नका. तब्येत सुधारलीय तिची. चेहरा बघा कसा भरलाय, चांगली गुबगुबीत झालीय तुमची लेक."

"हो का," शमीम म्हणाली आणि डब्याला सुतळीची आणखी एक गाठ मारली.

शुक्रवारी दुपारी फोन आला तेव्हा ती मुसाच्या पलंगावर बसली होती. डबा मिळाल्याचं इफ्फतने सांगितलं. मग ती चकली खात असल्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला.

"अम्मी, मीठ विसरलीस."

"वय झालं गो आता."

तिकडे कुठेतरी एक मूल अरबीत हाका मारत होतं. इफ्फतने त्याला ओ दिली नाही.

"अम्मी," ती म्हणाली, "अब्बांना शेवटी शेवटी फार दुखायचं का गो?"

मुसाच्या शेवटच्या दिवसांत इफ्फत पहिल्यांदा परदेशी गेली होती. तिने ते पाहिलं नव्हतं.

"नाही गो," शमीम म्हणाली. "घरी होते ना ते. आपल्या माणसांत होते."

आणि पलंगाच्या ज्या कडेचा रंग मुसाच्या नखांनी खरवडून निघाला होता, तिच्यावर तिने आपला तळवा पसरून ठेवला.