भोंग्याचा जीवनगौरव

धाकटीला भोंगा हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलं होतं. तान्हेपणी ती अशी काही बोंबलायची की वरच्या-खालच्या मजल्यांची झोप उडायची. पुढे हेवी मेटल गायला लागल्यावर पहिल्याच पोस्टरवर तिनं तेच नाव ठळक छापून घेतलं आणि चिकटवायला मुद्दाम शेजाऱ्यांच्याच भिंती निवडल्या. पोस्टरचं चित्र तिचं, गाणी तिची, चालीही तिच्याच, आणि ड्रमर रुसून गेला की ड्रमही तीच बडवायची. ताई पहिल्या कार्यक्रमापासून साउंडच्या टेबलाशी. धाकटीचा आवाज कुठे सोडायचा आणि कुठे आवरायचा, ते ताईच्या बोटांना ठाऊक.

आज महोत्सवात भोंग्याला जीवनगौरव मिळणार होता. ताई हरखून गेली होती. मग आयोजक आले.

"बाई खुर्चीत बसून एकच गाणं म्हणतील, संथ लयीत," ते म्हणाले. "शेवटची ती किंकाळी आली की त्यांचा माईक बंद करा आणि आमच्या नव्या गायिकेचा उघडा. ती पडद्याआडून मारेल. ऑपरेशन झालेला घसा आहे, उगाच हसं नको."

ताईनं मान डोलावली. खोटं कशाला सांगा, तिला सुटल्यासारखंच वाटलं. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली होती, पण घरी ती किंकाळी मारताना धाकटीचा आवाज दर वेळी मध्येच फाटायचा. एवढ्या लोकांनी त्यावर खिदळावं, हे ताईला बघवलं नसतं.

धाकटीला हे कळलं मात्र, तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तू माझा माईक बंद करणार?"

"तुझ्या भल्यासाठीच ना गं!"

"माझ्या भल्याचा मक्ता तुला कोणी दिला? कर बंद. पण मग उद्यापासून माझ्या टेबलाशी बसू नकोस." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आणि त्यांना सांग, बाई बसून गायला तयार आहेत."

आयोजकांनी भाषणात भोंग्याला तोंडभरून वाखाणलं, सगळं भूतकाळात. जणू बाई आटोपल्याच! काचेचं जडशीळ मानचिन्ह तिच्या हाती दिलं आणि मखमली खुर्ची दाखवली. भोंग्यानं खुर्चीत मानचिन्ह ठेवलं, ड्रमरला उठवलं आणि त्याच्या जागी स्वतः बसली.

"बसूनच गायचं आहे ना?" तिनं माईकमधून विचारलं. "बसले."

आणि संथ लयीची पार वाट लावली. पहिल्याच ठोक्याला पुढच्या रांगेनं कानांवर हात ठेवले. आयोजक धापा टाकत ताईच्या टेबलाशी आले.

किंकाळी सुरू झाली. चढली, आणखी चढली, आणि ताईला जिथे धास्ती होती तिथेच टरकन फाटली. पुढे कोणीतरी फिसकन हसलं. ताईचं बोट माईकच्या बटणावर होतं. दाबलं की सगळं झाकलं जाणार होतं.

भोंगा थेट टेबलाकडे बघत होती. हात थांबले नव्हते. तिनं श्वास घेतला आणि तोच फाटका आवाज पुन्हा उचलला, खालून, भसाडा, फरशीवरून पत्रा ओढावा तसा. असा आवाज ताईनंही कधी ऐकला नव्हता. हसणारा गप्प झाला. नवी गायिका पडद्याबाहेर येऊन आ वासून उभी राहिली.

"बंद करा! अहो, बंद करा म्हणतोय ना!" आयोजक ताईच्या कानाशी ओरडले.

"काही ऐकू येत नाही!" ताई त्यांच्यावर ओरडली आणि धाकटीचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.

नंतर मेकअपच्या खोलीत घामानं निथळणारी भोंगा आरशासमोर बसली होती. मानचिन्ह मंचावरच्या खुर्चीतच राहिलं होतं. बोलायलाही आवाज उरला नव्हता.

"फाटला ना?" तिनं कुजबुजत विचारलं.

"फाटला."

"शेवटच्या रांगेपर्यंत गेला?"

"गेला."

"मग पुढच्या वेळी पहिल्यापासूनच तेवढा ठेव."