बंद दारामागचा भाऊ

या, असे जवळ सरकून बसा. पंख्याखाली बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल. आज पुराणातली कथा नाही, पण देवानेही कान द्यावा अशी एक सांगतो. एका दाराची. ते दार धड लाकडाचंही नव्हतं, नाटकातलं होतं, पुठ्ठ्याचं. त्याच्यामागे कोणीच उभं नसायचं. आणि त्या कोणीच नसण्यावरून भिलाईतल्या लोकांनी इतकं काही बोलून ठेवलं होतं, की रुआबांधा वस्तीतल्या गयाबाईसमोर त्या दाराचं नाव काढलं तरी तिच्या कपाळावर आठी पडायची.

गयाबाईचा नवरा शालिकराम भंडाऱ्याकडचा, झाडीपट्टीतला. तिकडे धान कापून झालं की गावोगाव नाटकांचे मांडव पडतात आणि माणसं चादरी गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात. शालिकराम भिलाईला आला तो पोलादाच्या प्लांटात लागायला, पण येताना ते वेड बरोबर घेऊन आला. तिथल्या मराठी मंडळासाठी त्याने एक नाटक लिहिलं, ‘दारात उभी बहीण’. त्यातला भाऊ तो स्वतःच व्हायचा. शेवटच्या अंकात बहीण भावाच्या दारात येते, हाका मारते, गाते, रडते. दार उघडत नाही. पडदा पडतो आणि बायका पदराने डोळे पुसत उठतात.

दार का उघडत नाही, यावर ज्याचं त्याचं निरूपण. कोणी म्हणे, भाऊ म्हणजे देव आणि बहीण म्हणजे जीव. कोणी म्हणे, भाऊ आत मरून पडलेला असतो. सिविक सेंटरात एका गृहस्थाने तर गयाबाईलाच थांबवून सांगितलं, की ते दार म्हणजे आजच्या माणसाचं मन आहे. गयाबाईच्या हातात भाजीची पिशवी होती. ती म्हणाली, “नाही जी. ते सेकंड शिफ्टले जात होते.”

गृहस्थ खूप हसले. वहिनी मोठ्या गमतीदार आहेत म्हणाले.

आता खरं ते एवढंच होतं. भिलाईत रात्रभर नाटकाला बसणार कोण? म्हणून मंडळाचं नाटक गणपतीतल्या रविवारी सकाळी व्हायचं. शालिकरामची पाळी दुपारची. दुसरा अंक संपला की तो चेहऱ्यावरचा रंग पुसत सायकलवर टांग टाकायचा. तिथे भट्टीवर सकाळपासून तापलेला नत्थू उभा असायचा. जागा घ्यायला रिलीव्हर आल्याशिवाय नत्थूला हलता येत नसे, आणि त्याची बायको घरी अंथरुणाला खिळलेली. तिला पाण्याचा पेला द्यायलाही दुसरं माणूस नव्हतं. नाटकापायी नत्थूला उशीर व्हायला नको, म्हणून शालिकरामने तिसरा अंकच असा लिहिला की त्यात भावाचं कामच नाही. नुसतं दार.

हे गयाबाईने किती जणांना सांगितलं असेल. कोणाला पटत नसे. ड्युटीसाठी कोणी एवढं रडवतं का, म्हणायचे. तेही तिने सोडून दिलं असतं. पण ज्या एका माणसाला पटायला हवं होतं, तिलाच ते पटत नव्हतं. ती म्हणजे शालिकरामची धाकटी बहीण, पार्बताबाई.

पार्बताबाई दिलेली जवळच्याच उतई गावाला. उतईत तिजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, माहेरचा माणूस घ्यायला येतो. भाऊ नाहीतर बाप दारात उभा राहतो आणि लेक पिशवी घेऊन निघते. छत्तीसगढची ही रीत. पार्बताच्या आळीतल्या साऱ्या सुना अशा एकेक करून निघाल्या, आणि ही नवी सून ओसरीवर बसून वाट पाहत राहिली. शालिकरामला पत्ताच नाही. भंडाऱ्याकडे कुठली आली ही रीत? त्याला वाटलं, बहीण हरतालिका सासरी करते, मजेत आहे. शेवटी पार्बता सासूचं बोलणं खाऊन एकटीच रुआबांध्याला आली. तो ड्युटीवर, गयाबाई कीर्तनाला, घराला कुलूप. ती तशीच परत गेली. आणि पुढच्या गणपतीत भावाने नाटक लावलं, त्याचं नाव ‘दारात उभी बहीण’.

झालं. भावाने आपलीच फजिती मांडली असं धरून पार्बताबाईने पाय टाकणंच बंद केलं. शालिकराम नंतर चुकलो म्हणत उतईला जाऊन आला, तेव्हा तिने चहा दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. तो वारला तेव्हा येऊन रडून गेली आणि पुन्हा उतईची झाली.

तर या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी शरच्चंद्र गयाबाईच्या घरी आले. दुर्गचं जुनं मराठी घर, शिकवण्याची नोकरी करून निवृत्त, बोलणं रेशमासारखं आणि ऐकून घेणं अजिबात नाही.

“वहिनी, यंदा नवा प्रयोग. नाटकाआधी मी पूर्वरंग करणार. कीर्तनासारखा. या नाटकामागची सत्यकथा सांगणार.”

“कोणती सत्यकथा?”

“शालिकरामजींच्या भगिनीची. त्या दारात आल्या आणि यांनी दार उघडलं नाही, ही.”

गयाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. “शरदभाऊ, तुमाले हे कोनं सांगितलं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे.”

“सगळ्यायले माहीत आहे, मले तेवढं नाही. मी त्यायची बायको. मी सांगून राहिली ना तुमाले, ते नत्थूले सोडवाले जात होते.”

“वहिनी, कलावंत स्वतःच्या मनातलं बायकोलाही सांगत नाही.”

“डब्बा तर मलेच मागत होते. नाटक झाल्यावर तिथूनच जातो, डब्बा संग दे, म्हणत.”

शरच्चंद्र प्रेमाने हसले. “आणि यंदा शेवट मी बदललाय. भावाचं काम करणारा तुमचा कमलेश दार उघडणार. मिठी. टाळ्या. तेवढ्याने तरी शालिकरामजींच्या आत्म्याला शांती मिळेल.”

आत्म्याला शांती देण्याआधी हा माणूस जिवंत बाईची उरलीसुरली शांती घालवणार, हे गयाबाईला लख्ख दिसत होतं. मंचावरून एकदा ‘सत्यकथा’ म्हटलं की नणंद कायमची तुटली. बरोबरीचं बोलायला आता सासरकडचं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

“नाव तरी नका घेऊ तिचं,” ती म्हणाली.

“छे छे. नाव कशाला घेईन?”

कमलेश मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “आई, जाऊ दे ना. लोग भूल जाते हैं.”

“तुझी आत्या नाही भुलली आतापर्यंत. उठ. उतईले जायचं आहे.”

“कावून?”

“तिजा आहे. आनाले जायचं.”

मायलेक मोटारसायकलवरून उतईला गेले. गयाबाई दारात उभी राहिली, ओसरीच्या आत गेलीच नाही. पार्बताबाई भिंतीला टेकून बसली होती. गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत.

“बाई, तिजासाठी न्याले आली.”

पार्बताबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “लवकर आली वैनी. केस तर आत्ताच पांढरे झाले.”

“आता टोमणे गाडीवर मार. पिशवी भर.”

ती आली. का आली, हे तिचं तिलाच ठाऊक. कदाचित तिजाला न्यायला दारात उभं राहिलेलं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं असेल. तिजाचा उपास झाला, गणपती बसले, दोघींनी मिळून करंज्या केल्या, आणि नाटकाचा विषय दोघींनीही टाळला. रविवारी गयाबाई म्हणाली, “चल, कमलेशचं काम पाहू.” पार्बताबाई म्हणाली, “माझीच फजिती मी तिकीट काढून पाहू?” तिकीट नव्हतंच. दोघी जाऊन पुढच्या रांगेत बसल्या.

शरच्चंद्र उपरणं घेऊन उभे राहिले. आवाज गोड, त्यात शंका नाही. हार्मोनियमवाल्याने सूर धरला आणि त्यांनी सुरू केलं, “नाव घेणार नाही. पण इथून जवळच्याच एका गावात, प्लांटात कमावणाऱ्या एका भावाची बहीण…”

मागच्या रांगांतून माना वळल्या. मराठी घरं तिथे ती किती. कोणाला कळायचं राहिलं होतं? पार्बताबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. गयाबाईला वाटलं, उठून त्या उपरण्याला धरून या माणसाला खाली ओढावं. आयुष्यभर कीर्तनं ऐकली तिने, भक्तीने ऐकली, पण कथेच्या नावाखाली समोर बसलेल्या बाईची सालटं काढणारं कीर्तन तिने ऐकलं नव्हतं.

“मी जातो,” पार्बताबाई पुटपुटली. “उतईची ऑटो पाहून दे.”

“दोन अंक बस. माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठीच आली ना. पाहून घेतलं.”

गयाबाईने तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. पहिला अंक तसाच गेला. दुसऱ्यात कमलेश चांगला रंगला. बापाचीच मान तिरकी करायची लकब. पार्बताबाईचं मनगट थोडं सैल झालं.

मध्यंतरात कमलेशचा फोन वाजला. तोही बापासारखा प्लांटातच. त्याने त्या दिवसापुरती दुपारची सेकंड शिफ्ट दुसऱ्याशी बदलून घेतली होती, म्युच्युअल. तो दुसरा सकाळपासून तापाने फणफणला होता, येऊ शकत नव्हता. पडद्यामागून शरच्चंद्रांचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

“अरे, मग दार कोण उघडणार? मिठी कोण मारणार?”

“सर, उधर फर्स्ट शिफ्टवाला खडा है. माझ्याशिवाय तो निघू नाही शकत.”

“अर्धा तास थांबला तर काय बिघडतं त्याचं?”

“ते त्याले विचारा ना सर.”

आणि कमलेश बाहेर आला. तोंडावर रंग, कपाळावर नाटकातला टिळा, अंगात प्लांटचे कपडे, बगलेत हेल्मेट. पुढच्या रांगेशी थांबून तो वाकला, आत्याच्या पायांना हात लावला.

“आत्या, मी निघतो. तिथं माणूस अडकून आहे.”

“अन नाटक?”

“नाटक होते ना. बाबाने लिहिलंच तसं आहे.” आणि आईकडे वळून, “डब्बा?”

गयाबाईने पायाशी ठेवलेली पिशवी उचलून दिली. म्युच्युअलवर तिचा कधीच विश्वास नव्हता. तो धावत गेला. बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

पार्बताबाई त्या दाराकडे बघत राहिली, हॉलच्या. मग मंचावरच्या पुठ्ठ्याच्या दाराकडे.

तिसरा अंक लागला. बहिणीचं काम करणारी, भूमिका नावाची सेक्टरमधलीच पोरगी, दाराशी आली. नव्या शेवटाचं काय करायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. शरच्चंद्र विंगेत डोकं धरून बसले होते. तिने जुनीच हाक मारली.

“दादा, दार उघड. मी आली आहे. दादा, कावून नाही उघडत?”

आणि पुढच्या रांगेतून, घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात पार्बताबाई म्हणाली,

“अवो बाई, तो ड्युटीवर गेला. नोको ठोकू.”

हॉल हसला. अगदी मागच्या रांगेपर्यंत हसला. विंगेतून शरच्चंद्रांचं “सत्यानाश” स्पष्ट ऐकू आलं. भूमिका क्षणभर गांगरली. मग तिने पार्बताबाईकडे पाहिलं. म्हातारी हसत नव्हती. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

भूमिकाने हात खाली घेतला. पदर सावरला आणि दाराला पाठ टेकून उंबऱ्यावर बसली.

“मग मी बसते,” ती म्हणाली. “येईल तो.”

पडदा पाडणाऱ्याला आज्ञा मिळेना, म्हणून ती बराच वेळ तशीच बसून राहिली. लोकही बसून राहिले. त्यातच पार्बताबाईने गयाबाईला कोपराने ढोसलं.

“वैनी.”

“काय?”

“तू तर हेच सांगत होती.”

“सांगून सांगून जीभ झिजली माझी, बाई.”

“मी म्हनलं, नवऱ्याची बाजू घेते. तो तिकडचा, नत्थू. त्याची बायको मग?”

“अजून खूप वर्षं जगली. शेवटपर्यंत त्यानंच केलं तिचं.”

पार्बताबाईने मान हलवली. संध्याकाळी तिने उतईला निरोप पाठवला, की विसर्जन झाल्यावर येईन. शरच्चंद्र मात्र अजूनही सांगतात, की तो शेवट त्यांनीच बसवला होता.

तर मंडळी, शालिकरामचं नाव मंडळ दर गणपतीत घेतंच, त्याला हारही घालतं. माझं मागणं वेगळं आहे. पुढे कधी कोणाचं दार तुमच्या हाकेला उघडलं नाही, तर रागवायच्या आधी त्या नत्थूला एकदा आठवा. ज्याच्यासाठी ते दार बंद राहिलं, तो वेळेवर घरी पोचत होता, आणि त्याचं नाव घेणारं आता तुमच्यावाचून कोणी नाही.