सरावाचा फोन

मला एका जागी बसवत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी हे ओळखलं होतं. "हिच्या पायाला भिंगरी लावून पाठवलीय," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या आणि लगेच मलाच कुठेतरी पिटाळायच्या. अशा बाईला खुर्चीत बसून दिवसभर फोन करायचं काम देणारा माणूस एकतर तिला ओळखत नसणार, नाहीतर जुना सूड उगवत असणार.

काम असं होतं. आमच्या रसायनशास्त्र विभागाची प्रयोगशाळा मोडकळीला आली होती. छत गळत होतं, गॅसच्या नळ्यांवर चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, आणि वरून पैसे येतील म्हणून वाट बघण्यात मुलांच्या कित्येक तुकड्या शिकून बाहेर पडल्या होत्या. शेवटी माजी विद्यार्थ्यांनीच मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी विभागाच्या हॉलमध्ये जमायचं आणि ज्याने त्याने आपापल्या वर्षाच्या लोकांना फोन करून निधी मागायचा. आमच्या वर्षाची प्रमुख मी, कारण तेव्हा मला सगळे तोफ म्हणायचे आणि तोफेला नाही म्हणायची कोणाची अजूनही टाप नव्हती.

आधी आम्हाला शिकवणी दिली गेली. विमा विकता विकता केस पांढरे झालेले एक गृहस्थ शिकवायला होते. ते म्हणाले, "पैशाचं नाव आधी काढू नका. समोरच्याला त्याचे दिवस आठवू द्या. माणूस एकदा आठवणीत शिरला की खिशाकडे हात आपोआप जातो." मग घरचा अभ्यास दिला. घरातल्या कोणालातरी खडूस देणगीदार करायचं आणि त्याच्यावर सराव करायचा.

माझ्या घरात खडूस व्हायला एकटा नवराच होता, आणि तो स्वभावाने अगदी कुचकामी. त्याचं रंगांचं दुकान आहे. गिऱ्हाईक भिंतीचा ढलपा घेऊन येतं, हा त्याच्याशी जुळेपर्यंत रंग ढवळत बसतो, आणि चौथ्यांदा ढवळल्यावरसुद्धा कपाळाला आठी नाही. तोही आमच्याच वर्गातला. परीक्षेआधी अर्ध्या वर्गाला जिन्यात बसवून शिकवायचा, म्हणून त्याला प्रोफेसर म्हणायचे. शेवटच्या वर्षाला सासऱ्यांचं एक अंग लुळं पडलं, दुकान उघडायला कोणीतरी हवं होतं, आणि याने कॉलेज सोडलं. जिन्यातले सगळे पदवीधर झाले, प्रोफेसर तेवढा राहिला. पुढे तोच हसत सांगायचा, "मी पाऊण पदवीधर." इतक्यांदा सांगायचा की मलाही तो विनोदच वाटायला लागला.

तर त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात लसूण सोलत होता. मी गॅलरीत जाऊन त्याला फोन लावला.

"नमस्कार, मी रसायनशास्त्र विभागाच्या माजी विद्यार्थ्यांतर्फे बोलतेय. दोन मिनिटं वेळ आहे का आपल्याला?"

पलीकडे ताटली बाजूला सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आहे ना. बोला."

"विभागाची आठवण येते का कधी?"

"मागच्या दाराजवळचं टेबल अजून आहे का हो? त्याच्या कोपऱ्याला आम्ल सांडून खड्डा पडलाय बघा. तो माझा." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्या फोनची फार वर्षं वाट बघितली मी. म्हटलं, कधीतरी कोणीतरी विचारेल, की बाबा रे, तूही होतास ना इथे?"

मी गॅलरीतून तरातरा आत आले. "अरे, तुला खडूस व्हायला सांगितलं होतं ना? असं गळ्यात पडणारं कोण भेटणार आहे मला? दहापैकी चार. परत घे."

हातातली पाकळी त्याने ताटलीत ठेवली. "बरं," म्हणाला. दुसऱ्यांदा फोन लावला तेव्हा म्हणाला, "मला वेळ नाही, ठेवा फोन." आणि ठेवला. मी वाहवा केली. जेवताना तो गप्प होता, पण तो बहुतेकदा गप्पच असतो, त्यामुळे मी माझी बडबड चालू ठेवली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये नुसता बाजार भरला होता. टेबलाला टेबल लागलेलं, प्रत्येकावर एक फोन, वायरी पायांत. मी माझ्या टेबलाशी कमी आणि दुसऱ्यांच्या टेबलांशी जास्त होते. शेजारच्या टेबलावर आमच्या कितीतरी आधीच्या तुकडीतले एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा एक फोन संपेपर्यंत माझे पाच व्हायचे. ते लोकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, गावाकडच्या विहिरीला पाणी किती ते विचारायचे, आणि पैशाचं विचारायचं विसरून फोन ठेवायचे. मी त्यांना दोनदा टोकलं. ते म्हणाले, "हो हो, आता आटोपतं घेतो," आणि पुढच्या माणसाच्या नातवंडांत गुंतले.

दुपारच्या सुमाराला मी चष्म्याला फोन लावला. आता औषधांच्या कंपनीत मोठा शास्त्रज्ञ आहे, पण आमच्यासाठी चष्माच. तो देतो म्हणाला, आणि लगेच विचारलं, "प्रोफेसरला कोणी फोन केला? की घरचाच म्हणून सोडून दिलात?"

"त्याला कशाला?" मी म्हटलं.

"कशाला म्हणजे? त्याने जिन्यात बसवलं नसतं तर मी आज गोळ्या बनवण्याऐवजी विकत बसलो असतो. त्याला आधी फोन करायला हवा होतास, तोफे."

मी हसून फोन ठेवला आणि पुढचा नंबर फिरवता फिरवता थांबले. वाट बघितली, असं म्हणाला होता तो. आदल्या संध्याकाळी त्याने माझ्यासाठी कसलंही नाटक केलं नव्हतं. नाटक करायला जमत असतं तर तो पहिल्या झटक्यात खडूस झाला नसता का? जन्मात एकदा माणसाने मनातलं काढून समोर ठेवलं, आणि मी त्याला दहापैकी चार देऊन परत करायला लावलं. मला माझीच अशी लाज वाटली की मी उठून पाणी प्यायला गेले आणि पाणी न पिताच परत आले.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात गल्ल्यावर बसते. "वहिनी, दादाला काय झालंय गं? सकाळपासून एकच डबा ढवळतोय. गिऱ्हाईक पिवळा मागतंय, हा त्याला हिरवा दाखवतोय. भांडलात का?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

मी सरळ माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षबाईंकडे गेले. त्या एका कॉलेजच्या प्राचार्या होत्या आणि अजूनही समोरच्याने उभं राहूनच बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते. आमच्या वर्षातलं एक नाव राहिलंय, ते घालायचं आहे, असं मी सांगितलं.

"पदवी आहे का?"

"नाही. शेवटच्या वर्षाला सोडावं लागलं."

"मग माजी विद्यार्थी कसं म्हणायचं आपण त्यांना?"

"मग काय म्हणायचं? इतकी वर्षं काय तो इथे झाडांना पाणी घालायला येत होता?"

माझा आवाज चढला असणार, कारण दोनचार टेबलांवरच्या माना वळल्या. बाईंनी भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. "तुमचे मिस्टरच ना ते? मग इतकं काय त्यात. घरीच विचारा की."

मला त्यांचा राग आला, पण सल्ला मी तोच घेतला. अंगात धीर नावाची गोष्ट नाही ना. जागेवर आले आणि टेबलावरच्या फोनवरून त्याला लावला. अनोळखी नंबर, गिऱ्हाईक समजून त्याने लगेच उचलला.

"नमस्कार, मी रसायनशास्त्र विभागाच्या..."

"अगं, दुकानात माणसं आहेत."

"हा सराव नाही. खरा फोन आहे. काल मला कळलं नाही रे. मूर्ख आहे मी. आज विभागातून बोलतेय, बघ, मागे आवाज येतोय सगळ्यांचा. विचारू ना?"

दुकानात रंग हलवायचं यंत्र खडखडत होतं. ते त्याने बंद केलं.

"तुझा फोन रोजच येतो गं," तो म्हणाला. चिडून म्हणाला असता तर मी भांडले तरी असते. "दूध आण, पंप बघ, गिरणीतून दळण आण. मला तिकडचा हवा होता. राहू दे आता. एवढं काही नाही त्यात." आणि त्याने ठेवला.

मग मी त्या हॉलला किती फेऱ्या मारल्या मला माहीत नाही. खिडकी उघडली, बंद केली, कोणाच्यातरी वायरीत अडखळले. चष्म्याला सांगावं, की तू कर फोन? पण चष्मा मित्र, तो तर मित्राखातर करणारच. वर्गातलं कोणीही केलं तरी तो ओळखणार, की बायकोने कोपराने ढोसलंय. ज्याचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही, असं कोणीतरी हवं होतं. आणि शेजारच्या टेबलावर काका कोणालातरी सांगत होते की गुडघ्याला गरम पाण्याचा शेक चांगला.

त्यांचा फोन संपला तशी मी खुर्ची ओढून बसले. "काका, माझ्या वर्षातला एक माणूस आहे. हा नंबर. तुम्ही बोलाल का?"

"तुमच्या वर्षाचे तुम्हीच करायचे ना?"

"मला जमत नाहीये त्याच्याशी," मी म्हटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"देणगी किती सांगू?"

"पैशाचं विचारलं नाहीत तरी चालेल."

"मग फोन कशाला?" ते बावचळले.

"विचारायला, की तुम्हीही होतात ना इथे. गप्पांत तुमचा हात कोण धरणार, काका. हवा तेवढा वेळ घ्या."

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला मघाच्या टोकण्याचंही वाईट वाटलं. त्यांनी नंबर फिरवला, घसा साफ केला आणि नाव सांगून सुरुवात केली. मी शेजारीच उभी. एका जागी उभं राहवत नव्हतं, पण हलायची छाती होत नव्हती. अध्यक्षबाई लांबून बघत होत्या, त्यांना मी डोळ्यांनीच सांगितलं, की इकडे यायचं नाही.

"हो का? ... नाही, आमच्या वेळी तो जिना लाकडी होता ... अहो, कपड्यांवरचा गंधकाचा वास तर आमची आई उंबऱ्यातच ओळखायची." काका खुर्चीत मागे रेलले. हसले. पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. माझ्याशी सलग इतकं तो कधी बोलला होता, ते मला आठवेना. "मग पुढे काय केलंत?" काकांनी विचारलं आणि ऐकत राहिले. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, खाली ठेवली.

"मग त्यात काय झालं?" ते शेवटी म्हणाले. "शेवटचा कागद नाही मिळाला, एवढंच ना? मला मिळाला आणि मी जन्मभर बँकेत बसलो, रसायनाचं तोंड पाहिलं नाही. तुम्ही निदान रंग तरी ढवळताय. तुम्ही आमचेच हो. कोण नाही म्हणतंय?"

माझे डोळे भरून आले. फोन ओढून घ्यावा आणि विचारावं, काय म्हणालास, परत सांग, असं वाटलं. माझा हात पुढे झालाही होता.

तेवढ्यात काकांनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "विचारतायत, माझ्या शेजारी कोणी उभं आहे का म्हणून. काय सांगू?"

"सांगा, कोणी नाही," मी म्हटलं, आणि काका खोटे पडू नयेत म्हणून त्यांनी तळहात काढायच्या आत हॉलच्या बाहेर जाऊन दार लावून घेतलं.