एररच्या पानावर मामंजींचा फोटो

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मी नांदेडची, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेली, आणि पदरात पडलं लातूरच्या गंजगोलाईतलं होलसेल किराणा दुकान. मग मी दुकानाचीच वेबसाईट बनवली. खेड्यापाड्यातले दुकानदार मोबाईलवरून ऑर्डर टाकायला लागले. या घरात माझं म्हणावं असं तेवढं एकच काम, आणि त्यात माझा सगळा जीव.

पण सर्व्हर बसला की पडद्यावर यायचं, '५०३, सर्व्हिस अनअव्हेलेबल.' दुकानदार बिचकायचे. रेणापूरच्या दयानंदनं तर फोन करून विचारलं, "वहिनी, हा पाचशे तीन भाव कशाचा हाय?" माझे सासरे वीरण्णा, म्हणजे आमचे मामंजी, भडकले.

"आणखी एक जरी गिऱ्हाईक असं बिचकलं ना मंजुषा, तर तुझी वेबसाईट बंद!"

बंद म्हणे! मी त्याच दुपारी एररचं पान नव्यानं बनवलं. मराठीत, आदबीनं. माणूस दिसला की माणसाला धीर येतो, म्हणून मामंजींचा हात जोडलेला फोटो टाकला. पान पटकन उघडावं म्हणून तो काळापांढरा केला, भोवती बारीक काळी चौकट दिली. खाली लिहिलं, 'आमची सेवा थांबली आहे. आजवरच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.' मला तर लई आवडलं.

गौरी-गणपतीच्या तोंडावर ऑर्डरींची झुंबड उडाली नि सर्व्हर सकाळीच बसला. मी दुकानात दुरुस्तीला लागले. मामंजी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, डाळ बघायला गेलेले, त्यांचा बंद पडलेला फोन माझ्याजवळ चार्जिंगला. थोड्या वेळानं दयानंद दारात उभा. खांद्यावर पांढरा टॉवेल, डोळे लाल.

"वहिनी, कसं झालं हो? परवा तर चांगले बोलले माझ्याशी."

"काय झालं?"

त्यानं मोबाईल पुढं केला. माझंच पान! चौकात श्रद्धांजलीचे बॅनर लागतात ना, अगदी तस्सं. अगं बाई गं! मी कपाळावर हात मारून घेतला, तर ते बघून तो आणखीच रडायला लागला.

मोंढ्यात माणूस धाडला, पण दुपार झाली तरी त्याला मामंजी सापडले नाहीत, आणि तोवर फोटो ग्रुपाग्रुपांत फिरला. औशाच्या दुकानदारांची जीप आली, निलंग्याची आली. मी ओरडून सांगत राहिले, "अहो, सर्व्हर बसलाय, मामंजींना काही झालं न्हाई!" ऐकतंय कोण? "धक्का बसलाय पोरीला," म्हणत बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

तेवढ्यात रिक्षातून एक म्हातारी उतरली आणि पायरीवरच बसून तिनं हंबरडा फोडला, "वीरू, मला न सांगता गेलास रे!" ती बसम्मा अक्का, मामंजींची उदगीरची थोरली बहीण. आहेराच्या साडीवरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. माझ्या लग्नालाही ती आली नव्हती, मी तिला फोटोतच पाहिलेलं.

आणि तिच्या मागून मामंजी आले, हातात डाळीचा नमुना. गर्दी बघून त्यांनाच घाम फुटला. "कोण गेलं?"

अक्का उठली आणि तिनं त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले. "मेल्या, उदगीरपासून रडत आले मी! आता खरंच गेलास तर येणार न्हाई. माझं रडून झालंय."

मामंजी तिच्याजवळ पायरीवर बसले, तिचा हात धरला आणि सगळ्यांदेखत रडले. मलाही राहवलं नाही. पण वेबसाईट आता काही वाचत नाही, हे मनात होतंच.

मंडळी चहा पिऊन गेली, अक्का तेवढी थांबली, तेव्हा मी मान खाली घालून विचारलं, "मामंजी, बंद करू?"

"बंद कशाला? मजकूर बदल. लिही. वीरण्णा ठणठणीत हायेत. बिघाड आमच्या मशीनचा हाय, तुमचं काही चुकलं न्हाई. थोड्या वेळानं ऑर्डर टाका, न्हाई तर फोन करा. आणि दोन नंबर टाक. माझा लागला न्हाई तर अक्काला विचारा म्हणावं, मी हाय का न्हाई."

"अक्कांचा नंबर?"

मामंजींनी अक्काकडं पाहिलं. त्यांच्याकडं तो नव्हता. अक्का एकेक आकडा सांगू लागली. मी टाईप करणार, तोच मामंजी म्हणाले, "थांब जरा," आणि आधी त्यांनी तो आपल्या फोनात घेतला.