अर्ध्या डोक्याचं पाणी

ॲटलस पर्वताच्या कुशीतल्या त्या गावात हद्दूचा कुणावरच विश्वास नव्हता. अपवाद एकच: पाटकरी बास्सूची गुरुवारची हजामत. पाण्याच्या पाळ्या राखणारा बास्सू तेवढा वेळ पाटावर नसे, आणि तेवढ्यात हद्दूची बायको इट्टू वरच्या अंगाला पाटाचं दारं मोडून दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या कांद्यांना पाजी. मंगळवारच्या हक्काच्या पाण्यावर कांदे नुसते जगत. पोसत ते गुरुवारच्या पाण्यावर. न्हाव्याच्या उंबऱ्यावर बसून हद्दू बास्सूला बोलण्यात गुंतवी.

यंदा गावाने खाली, जिथे पाट जेमतेम माणूसभर उंचीवरून पडतो तिथे, विजेचं चक्र बसवलं. हद्दूला पहिल्याच दिवशी संशय आला. "वीज काढून घेतल्यावर पाण्यात उरतं काय? ताक!" असं सांगत तो गावभर फिरला. खालची शेतं तरी हिरवीच राहिली, तेव्हा त्याचा संशय आणखी वाढला.

त्या गुरुवारी झाइद न्हाव्याने विजेचं नवं यंत्र काढलं. बास्सूचं अर्धं डोकं झालं आणि यंत्र घुरघुरून थांबलं.

"बिघडलं!" हद्दू म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

"यंत्र बरं आहे," झाइद म्हणाला. "चक्राला पाणी कमी पडतंय."

बास्सूने अर्धं डोकं वळवलं. "वर कोण पितंय?"

"मी बघतो ना, बास्सूदा! या अवतारात तुम्ही कुठे निघालात?" म्हणत हद्दू पळालाच.

तो धापा टाकत परतला तेव्हा यंत्र पुन्हा गुणगुणत होतं. झाइदने त्याच्या हातात पुदिन्याच्या चहाचा पेला दिला.

"दगड," हद्दू म्हणाला. "पाटात गडगडत आला होता. काढला."

"पाणी कुणाच्या वावरात वळलं?" बास्सूने विचारलं.

हद्दूने दोन-तीन शेजारी मनात चाचपून पाहिले. पण ओल काही खोटं बोलणार नव्हती.

"माझ्याच."

"वा! दगडालाही तुझेच कांदे आवडले." बास्सू हसला नाही. "मंगळवारी तुझ्या पाळीतून एक डोकं वजा."

"म्हणजे?"

"झाइद एक पूर्ण डोकं भादरेपर्यंत तुझं दारं बंद."

"कुणाचं डोकं?" हद्दूने संशयाने विचारलं.

"माझ्या भावाचं. तू ओळखतोस की. केस भलते दाट आहेत त्याचे."